काठोकाठ

शुमाफचा डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, काठी वापरा, जिने टाळा, दर शुक्रवारी खाली मृत समुद्राकाठच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसा. इथवर त्याने मुकाट मान हलवली. मग ते म्हणाले, "आणि क्लच आता विसरा."

"मग पायच काढून घ्या," शुमाफ म्हणाला. "ठेवून काय लोणचं घालू?"

डॉक्टर हसले. त्यांना काय ठाऊक! नाऊर गावात अडुसष्ट वर्षांच्या शुमाफला लोक ओळखत ते त्याच्या पायांवरून. अंगणात डाळिंबाखाली त्याची पांढरी, दोन दारांची जपानी गाडी उभी असे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या तरुणांनी जिच्यासाठी जीव टाकला असता अशी ती गाडी, आणि गिअरचा लाकडी गोळा त्याच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालेला. रुम्मानच्या चढाच्या शर्यतीत त्याने तिच्यावर तीनदा पहिला नंबर काढला होता. गाव तिला घोडी म्हणे. आम्ही चेर्केस, कॉकेशसमधून जॉर्डनात येऊन वसलेल्या घोडेस्वारांचे वंशज; आमच्या दारात जे काही उभं असेल त्याला लोक घोडीच म्हणतात, त्याला इलाज नाही.

पण शुमाफचा खरा अभिमान चढाचा नव्हता, उताराचा होता. नाऊर डोंगराच्या माथ्यावर आहे, आणि गावाच्या वेशीपासून रस्ता जो खाली सुटतो तो थेट मृत समुद्रापर्यंत. अर्ध्या तासात माणसाच्या कानांना दडे बसतात. हा उतार शुमाफ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरे, इंजिनच्या आवाजावर गाडी तोलत, ब्रेकला जवळपास न शिवता. "ब्रेक हा पाहुणा," तो म्हणे. "बोलावला तर यावा, मुक्कामाला राहू नये."

हे शहाणपण आपल्या पोराला द्यावं एवढी एकच इच्छा त्याच्या मनात उरली होती, आणि नेमकी तीच तोंडातून निघत नव्हती. बापाने पोराकडे काही मागायचं नसतं, तोंडावर त्याचं कौतुक करायचं नसतं, ही आमची रीत. अनेक घरांतून ती केव्हाच उठली. शुमाफच्या घरात ती पाय रोवून बसली होती. आस्तेमिर, त्याचा एकुलता एक मुलगा, एकतीस वर्षांचा. एका कचेरीत नोकरी, आठ महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, आणि दारात तीन वर्षांपूर्वी घेतलेली विजेची गाडी. तीही बाहेरदेशातून वापरून आलेली. अम्मानात आता तसल्याच गाड्या दिसतात. पेट्रोलचे भाव ऐकले की चांगल्या चांगल्यांची मर्दुमकी उतरते.

घोडी विकायची ठरली. झर्का शहरातलं एक गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं. पोराने 'नका विकू' एवढं म्हणावं, बस्स. बुधवारपर्यंत तो ते म्हणाला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी अबू ग़ाझी आला. हा शुमाफचा मेकॅनिक आणि चाळीस वर्षांचा दोस्त, वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांतला बदू, तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक यायच्या आत घोडीचं पोट एकदा तपासायला आला होता. आस्तेमिर कॉफीची सुरई घेऊन दोघांसमोर उभा होता. बाप बस म्हणेपर्यंत तो बसत नसे, आणि बाप म्हणायला विसरत असे.

"काय रे आस्तेमिर," अबू ग़ाझी म्हणाला, "घरची घोडी दारातून चाललीये आणि तू कॉफी ओततोस? ठेवून घे की तूच."

"काका, मला कुठे बाबांसारखी चालवता येते," आस्तेमिर जमिनीकडे बघत म्हणाला.

"त्याला सांग," शुमाफ अबू ग़ाझीला म्हणाला, जणू पोरगा पलीकडच्या गावात होता, "त्याच्या गाडीला चालवावं लागतच नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. आवाज नाही, गिअर नाही, डाव्या पायाला काम नाही."

"आणि माझ्या पोटावर पाय," अबू ग़ाझीने री ओढली. "तेल बदलायचं नाही, क्लचप्लेट नाही. मेले ब्रेकसुद्धा झिजत नाहीत! तीन वर्षांत हा पोरगा माझ्या दारात फिरकलेला नाही."

"ब्रेकला पायच लागत नाही, काका," आस्तेमिर हसला. "पाय उचलला की मोटरच गाडी धरून ठेवते. झऱ्यापर्यंत उतरतो तो एका पायावर. शिवाय उताराची वीज परत बॅटरीत जाऊन पडते."

शुमाफचा हात पेल्याशी थबकला. उतार यंत्राने धरायचा, ब्रेकने नाही. पोरगा हे न शिकवता शिकला होता! 'शाबास' हा शब्द अगदी दातांपर्यंत आला. तिथून तो परत गेला आणि त्याच्या जागी निराळंच काही बाहेर पडलं.

"चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय? विजेने नवीन काय दिवे लावले? आणि हे महाशय गाडी भरतात कशी, विचार. ऐंशी टक्के! पाचांतला एक भाग रिकामा. अर्धपोटी जनावर दारात बांधायचं, ही कुठली पद्धत?"

अबू ग़ाझीने आपला पेला वर धरला. तळाशी दोन घोट कॉफी होती. "आमच्यात कॉफी एवढीच ओततात. काठोकाठ भरला तर पाहुणा समजतो, पी आणि चालता हो. पोरगा बरोबर आहे."

"कॉफीचं सोड. टाकी म्हणजे टाकी."

आस्तेमिरने तोंड उघडलं. ऐंशीलाच का थांबायचं याला कारण होतं आणि ते त्याला सांगायचं होतं. पण बाप पेला खाली ठेवून घोडीकडे वळला होता. वडीलधाऱ्याचं वाक्य झालं की ते शेवटचं, त्यानंतर धाकट्याने बोलायचं नाही. त्याने तोंड मिटलं आणि सुरई आत नेली.

गुरुवारी जराशमध्ये एका नातलगाच्या मयताला जायचं होतं. आस्तेमिर कामावर होता. त्याने बसने जाऊन गाडी बापासाठी ठेवली. शुमाफने आधी नाक मुरडलं, मग गेला. जाताना आणि येताना त्याने त्या गाडीला मनसोक्त शिव्या घातल्या. पळत होती, यात वाद नव्हता. घोडीला तिने केव्हाच मागे टाकलं असतं. पण माणसाला करायला काही उरलंच नव्हतं. वळण आलं की त्याचा डावा पाय आपसूक उचलला जाई आणि रिकाम्या जागी आपटे. उजवा हात दोन खुर्च्यांच्या मध्ये जाई आणि पाण्याची बाटली धरून परत येई. एवढी मोठी गाडी चालवून आला आणि त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी पोचवून गेलं.

घरी आला तेव्हा बॅटरीत अठरा टक्के उरले होते. आता, उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे जिवापाड पाळतात. शुमाफच्या आजोबांनी दुसऱ्याचा घोडा कधी चारा-पाण्यावाचून परत केला नव्हता. शुमाफने दुसऱ्याची गाडी कधी टाकी भरल्यावाचून परत केली नव्हती. मग ती पोराची का असेना. उलट पोराची म्हणूनच. तोंडाने जे देता येत नव्हतं ते त्याला असंच कुठेतरी भरून द्यायचं होतं.

मगरिबची, सूर्यास्ताची बांग झाली तेव्हा तो अंगणात गेला. भिंतीवरची वायर गाडीला जोडली. पडद्यावर ऐंशीवर एक रेघ होती. त्याने जाडं बोट टेकवून ती ओढली, शंभरावर नेऊन सोडली आणि समाधानाने मागे सरला. स्वयंपाकघराच्या खिडकीत सून उभी होती. त्याने वर पाहिलं तशी ती बाजूला झाली.

तिचं नाव नाफसेत. आठ महिने या घरात होती आणि सासऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तशी चांगली बोलकी. नवऱ्याशी तिचं हसणं अंगणापर्यंत ऐकू येई आणि काठीचा आवाज आला की बंद होई. सासऱ्याने भेट देऊन सुनेचं तोंड उघडल्यावाचून तिने त्याच्यासमोर बोलायचं नाही, हीही आमची रीत. भेट तयार होती. शुमाफच्या आईचा चांदीचा कमरपट्टा पेटीत पुसून ठेवलेला होता. पण शुमाफला ते साग्रसंगीत हवं होतं: ईद, बकरं, चार गावचे वडीलधारे. नुसतं 'बोल गं पोरी' म्हणून उरकायचं, ते त्याच्यात बसत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नमाजाआधीच झऱ्यावर जायचं ठरलं. नाफसेतने फडक्यात गरम हालिवा, चीज भरून तळलेल्या करंज्या, बांधून दिल्या. बाप काठी टेकत येईपर्यंत नवरा-बायको गाडीपाशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. नाफसेत पडद्याकडे बोट दाखवत होती, आस्तेमिर मान हलवत होता. शुमाफ जवळ आला तशी ती गप्प झाली. आस्तेमिरने उजवीकडचं दार उघडून धरलं. दोघं कुठेही निघाले की थोरला उजवीकडे आणि धाकटा डावीकडे, ही जागा ठरलेली. आमच्या मोटारींत स्टिअरिंग डावीकडे असतं ही देवाची सोय.

वेस ओलांडली आणि रस्ता खाली सुटला. पडद्यावर एक पिवळा दिवा होता.

"हा दिवा कसला?" शुमाफने विचारलं.

"काही नाही, बाबा. बॅटरी भरलेली आहे, एवढंच."

"मी भरली. काठोकाठ."

"हो. कळलं मला," आस्तेमिर म्हणाला आणि हसला. बापाला ते हसू आवडलं.

दोन-तीन वळणं गेली. शुमाफच्या लक्षात आलं की पोराचा पाय ब्रेकवरून हलत नाहीये.

"काय रे? परवा अबू ग़ाझीला तर मोठ्या गमजा सांगत होतास. ब्रेकवर बसूनच उतरायचं होतं तर माझी घोडी काय वाईट होती?"

"आज जरा तसंच आहे, बाबा." पुढचं वळणही त्याने ब्रेकवरच घेतलं. डावीकडे दोन रस्त्यांमधली सिमेंटची भिंत, उजवीकडे कापलेला डोंगर. "बाबा."

"हं."

"झर्काच्या माणसाला नाही म्हणून सांगा."

शुमाफने तोंड खिडकीकडे वळवलं. "का म्हणून?"

"मला शिकवा. दुसऱ्या गिअरात हा उतार कसा उतरायचा ते. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून गिअरवर हात ठेवायचो, तुमच्या हाताखाली. तेवढंच येतं मला."

डोंगराच्या पांढऱ्या मातीकडे बघत शुमाफ म्हणाला, "सोमवारी बघू."

पुढे आयुष्यभर हे दोन शब्द त्याला टोचणार होते. जन्मभर वाट पाहिली ती गोष्ट पोराने स्वतःहून पदरात टाकली आणि हा म्हणाला, सोमवारी बघू.

मग त्याला वास आला. जळका, कडवट. हा वास त्याने नवशिक्या ट्रकवाल्यांच्या मागे हजारदा घेतला होता.

"ब्रेक तापलेत. थांबव. बाजूला घे आणि थांबव."

आस्तेमिरने ब्रेक दाबला. तो दबतच गेला, पार तळाला टेकला. त्याने सोडून पुन्हा दाबला. गाडी ऐकत नव्हती. वेगाच्या काट्याच्या जागी आकडे होते आणि ते वाढत होते: ऐंशी, ब्याण्णव, एकशे चार.

"गिअर टाक!" शुमाफ ओरडला. त्याचा हात मध्ये गेला, जिथे चाळीस वर्षं तो लाकडी गोळा होता, आणि पाण्याची बाटली उडाली. हँडब्रेकच्या जागी एक बटण होतं. त्याने ते ओढून धरलं. मागून करकर आवाज आला, गाडीचं ढुंगण डावं-उजवं झालं, वेग मात्र तसाच राहिला. पुढे टोमॅटोच्या पेट्यांनी लादलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी उतरत होता. त्याच्यापुढे लष्कराची चौकी, थांबलेली बस, बसमधून उतरलेली माणसं.

अशा वेळी भीती सगळ्यांना वाटते. शुमाफला वाटलीही, पण त्याचं डोकं थंड झालं, शर्यतीत होई तसं. उजवीकडे मऊ, भुसभुशीत माती होती. तिला अंग घासत नेलं तर गाडी थांबणार होती. त्याच्या बाजूचं दार फाटलं असतं, त्याचा पाय गेला असता, कदाचित तो गेला असता.

"उजवीकडे! डोंगराला घास! माझ्या बाजूने घास, माझ्या बाजूने!"

आस्तेमिरने एकदा त्याच्याकडे पाहिलं. बाप तोंडावर तापला तरी कधी उलट न बोललेला पोरगा त्या क्षणी बापाला नाही म्हणाला.

"त्या बाजूला तुम्ही आहात, बाबा."

आणि त्याने स्टिअरिंग डावीकडे, आपल्या बाजूला ओढलं.

सिमेंटची भिंत मातीसारखी मऊ नसते. गाडी तिला घासत, ठिणग्या उडवत बरीच गेली आणि वेग उतरलाही. मग भिंतीतून पाटीचा लोखंडी खांब आला. ट्रकपासून तीस पावलांवर सगळं थांबलं. शुमाफच्या तीन बरगड्या मोडल्या. हालिवांचं फडकं त्याच्या मांडीवर जसंच्या तसं होतं, अजून कोमट. डावीकडे त्याने एकदाच पाहिलं.

चाळीस दिवस लोक येत राहिले आणि चाळीस दिवस शुमाफ एकच बोलत राहिला. "त्या विजेच्या डब्याने माझा पोरगा खाल्ला. माझ्या घोडीत असता तर दुसऱ्या गिअरात हसत खेळत उतरला असता." म्हातारे माना डोलवत. कुणी म्हणे, आपल्या आळीतल्या दोघांनी विजेच्या गाड्या विकायला काढल्या. ऐकून शुमाफला घटकाभर बरं वाटे. शत्रू समोर असला की दुःखाला टेकायला भिंत मिळते.

अबू ग़ाझी ठाण्यात जाऊन मोडकी गाडी बघून आला होता. "ब्रेकचं तेल उकळलं होतं. तीन वर्षांत बदललेलं नाही, पाणी शिरलेलं. ब्रेकच्या थाळ्यांवर गंज."

"पण तो तर ब्रेक वापरतच नव्हता!"

अबू ग़ाझीने त्याच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी वापरले," एवढंच तो म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून उठला. शुमाफने त्याला थांबवलं नाही. काही प्रश्न माणूस मुद्दामच पुढे विचारत नाही.

चाळिसाव्या दिवशी जेवणं झाली. अंगणात, घोडीच्या आजूबाजूला खुर्च्या टाकून वडीलधारे बसले होते. नाफसेतला न्यायला तिचा भाऊ आला होता, फाटकाबाहेर गाडी लावून. काठीचा आवाज करत शुमाफ आपल्या खोलीत गेला आणि त्याने पेटी उघडली. ईद नव्हती, बकरं नव्हतं. पण पोरीला मुक्याने या घरातून जाऊ द्यायचं नाही एवढं त्याने ठरवलं होतं. कमरपट्टा हातात घेऊन वळला तर ती दारात उभी.

पट्टा पुढे करायला तो हात उचलणार, तोच ती बोलली. आवाज बारीक होता, वापरात नसल्यासारखा घोगरा.

"त्या संध्याकाळी मी खिडकीतून तुम्हाला पाहिलं. रेघ शंभरावर नेताना."

शुमाफने पट्टा पुन्हा छातीशी घेतला.

"भरलेल्या घागरीत पाणी मावत नाही. बॅटरी भरलेली असली की उताराची वीज तिच्यात जात नाही आणि मोटर गाडीला धरत नाही. आपलं घर डोंगराच्या माथ्यावर. म्हणून ते ऐंशीवर थांबवायचे. दुसरं कारण नव्हतं."

"त्याला... ठाऊक होतं?"

"सकाळी मी सांगितलं. म्हटलं, आधी गावात दोन फेऱ्या मारा, थोडी उतरू द्या, मग निघा. ते म्हणाले, बाबा बघतील. पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी काहीतरी भरून ठेवलंय, ते मी त्यांच्यादेखत सांडू? ब्रेक आहेत की, म्हणाले." तिने ओठ आवळले. "मला तुम्हाला खिडकीतूनच सांगता आलं असतं. तोंड होतं मला. मी रीत पाळली."

ती रडली नाही. पट्ट्याकडे तिने पाहिलंही नाही. पिशवी उचलून ती अंगणाकडे निघाली. शुमाफने पट्टा पेटीवर ठेवला आणि तिच्या मागोमाग बाहेर पडला.

अंगणात सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो भरभर काठी टेकत सुनेला गाठून तिच्या डाव्या बाजूला आला आणि तिच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागला. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांत थोरला म्हातारा काळजीने म्हणाला, "शुमाफ, अरे, बाजू चुकलास. उजवीकडे ये."

शुमाफ थांबला. समोर डाळिंबाखाली घोडी उभी होती, झर्काचं गिऱ्हाईक केव्हाच परत गेलं होतं.

"गाडीने नाही मारलं त्याला," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी भरली होती. काठोकाठ. त्याला ठाऊक होतं आणि तो मला बोलला नाही."

कुणी मान डोलवली नाही. अबू ग़ाझीने आपला पेला जमिनीवर ठेवला.

नाफसेत फाटकाकडे चालू लागली. शुमाफ तिच्या डावीकडून, काठी टेकत, तिच्या भावाच्या गाडीपर्यंत गेला. तिच्यासाठी त्याने उजवीकडचं दार उघडून धरलं आणि ती बसेपर्यंत उभा राहिला.